तेच तेच बोलणारे मूल आपल्याला काय सांगत असते?



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. सकाळच्या मिस्साला चर्च भरले होते. फादरांचे प्रवचन चालू असताना मागच्या दाराजवळच्या बाकावरून सात-आठ वर्षांच्या एका मुलाचा स्पष्ट आवाज आला, "पुढील स्थानक, वसई रोड." थोड्या वेळाने पुन्हा तेच, अगदी लोकलमधल्या घोषणेच्या चालीवर. काही जण हसले, काहींनी वळून पाहिले. हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आधीच कबूल करतो. त्याची आई त्याला घेऊन बाहेर गेली आणि मिस्सा संपेपर्यंत आत आली नाही.

मिस्सानंतर ती आम्हाला फाटकापाशी भेटली. आम्ही विचारपूस केली तेव्हा ती म्हणाली, "त्याला ऑटिझम आहे. आठवड्यातून दोनदा त्याला थेरपीसाठी मुंबईला न्यावं लागतं. गाडीतली गर्दी आणि आवाज त्याला सोसत नाही. वसई रोडची घोषणा झाली की आम्ही उतरतो आणि घरी जातो. म्हणून कुठंही जीव घाबरा झाला की तो तेच म्हणतो. त्याला म्हणायचं असतं, 'आई, घरी चल.'" मग थोडे थांबून ती म्हणाली, "मलाच हे कळायला दोन वर्षं लागली. तुम्हाला एका रविवारी कसं कळणार?"

तिने आम्हाला दोष दिला नाही, म्हणूनच ते वाक्य मनाला लागून राहिले. त्या मुलाने आमच्यासमोर एक पूर्ण, अर्थपूर्ण विनंती केली होती आणि आम्ही तिला हसलो होतो. या विषयावर आम्ही काही वाचन केले. त्यात एका वाचा-उपचारतज्ज्ञाच्या, म्हणजे स्पीच थेरपिस्टच्या, कार्याची ओळख झाली. ती आज आपणापुढे ठेवत आहोत.

ऐकलेले शब्द परत बोलणे

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा संसर्गाने होणारा आजार नाही आणि वेडही नाही. मेंदूची जडणघडण जन्मापासूनच थोडी वेगळी असते. त्यामुळे संवाद साधणे, इतरांच्या मनातले ओळखणे, आवाज, उजेड आणि स्पर्श सहन करणे या गोष्टी त्या व्यक्तीला वेगळ्या रीतीने जमतात किंवा जड जातात. काही मुले भरपूर बोलतात, काही अजिबात बोलत नाहीत, आणि अनेक मुले ऐकलेले शब्द जसेच्या तसे परत बोलतात. या शेवटच्या प्रकाराला 'एकोलालिया' असे नाव आहे. आपण त्याला शब्दांचा प्रतिध्वनी म्हणू.

हा प्रतिध्वनी दोन प्रकारचा असतो. आपण "जेवलास का?" असे विचारले आणि मुलानेही लगेच "जेवलास का?" असे म्हटले, तर तो तात्काळ प्रतिध्वनी. टीव्हीवरची जाहिरात, शिक्षिकेचे रागावणे किंवा गाडीतली घोषणा मूल काही तासांनी, काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी बोलून दाखवते, तेव्हा तो विलंबित प्रतिध्वनी.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून ऑटिझमची ओळख वैद्यकशास्त्राला करून दिली. हा प्रतिध्वनी त्यांनी तेव्हाच नोंदवला होता. १९४६ च्या एका लेखात त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाची हकिकत दिली आहे. कुत्र्याला गॅलरीतून खाली टाकायचे नाही, असे तो मध्येच म्हणे. आजूबाजूला ना कुत्रा असे, ना गॅलरी. चौकशीअंती उलगडा झाला. तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलात उतरले असताना तो आपला खेळण्यातला कुत्रा पुन्हा पुन्हा गॅलरीतून खाली टाकत होता, आणि तो आणून आणून कंटाळलेल्या आईने त्याला तसे दरडावले होते. तेव्हापासून काहीही फेकण्याचा मोह झाला की तो आईचे ते शब्द स्वतःलाच ऐकवून स्वतःला आवरत असे.

म्हणजे निरर्थक वाटणाऱ्या बोलण्यालाही उगम असतो, हे १९४६ सालीच दिसून आले होते. पण ते धागे पुढे नीट धरले गेले नाहीत. १९६० च्या दशकात अनेक ठिकाणी हा प्रतिध्वनी म्हणजे एक विकृत सवय मानली गेली आणि ती मोडून काढण्यावर भर दिला गेला. कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ ओ. आयव्हार लोवास यांच्या त्या काळच्या प्रयोगांत तर मुलांच्या नको असलेल्या वागण्यासाठी शिक्षेचाही वापर झाला. दुसरीकडे ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल असे होते, या समजाला बळ दिले. आज तो समज पूर्ण खोटा ठरला आहे. पण त्यामुळे अनेक मातांनी वर्षानुवर्षे विनाकारण अपराधीपणाचे ओझे वाहिले.

१,००९ वाक्ये ऐकणारा माणूस

अशा काळात बॅरी प्रिझंट नावाचा एक अमेरिकन तरुण या क्षेत्रात आला. महाविद्यालयात असतानाच त्याने अपंग मुलांच्या व प्रौढांच्या एका उन्हाळी शिबिरात काम केले होते. तेथे लागलेली गोडी आयुष्यभर टिकली. पुढे न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील विद्यापीठात त्यांनी वाचा व भाषा या विषयात डॉक्टरेटसाठी अभ्यास सुरू केला आणि १९७८ साली प्रबंध पूर्ण केला. विषय होता ऑटिझम असलेल्या मुलांचा तात्काळ प्रतिध्वनी.

त्यांची पद्धत साधी होती, पण तिला फार धीर लागतो. शब्दांचा प्रतिध्वनी करणाऱ्या चार मुलांचे त्यांनी घरात आणि शाळेत, रोजच्या व्यवहारात व्हिडिओ चित्रण केले. मूल काय बोलले एवढेच त्यांनी टिपले नाही. ते बोलताना मूल कोठे पाहत होते, हात कोठे होता, त्याआधी काय घडले आणि नंतर मुलाने काय केले, हेही टिपले. अशा १,००९ बोलांचा त्यांनी एकेक करून विचार केला. मार्गदर्शक ज्युडिथ ड्यूकन यांच्यासह त्यांनी १९८१ साली हे संशोधन प्रसिद्ध केले. निष्कर्ष असा होता की या प्रतिध्वनीचे वेगवेगळे सात उपयोग दिसतात. काही बोल निर्हेतुक असतातही, पण बाकीच्यांमागे हेतू असतो.

हे उपयोग आपल्या घरातल्या उदाहरणांनी पाहू. आई विचारते, "भात हवा?" मूल "भात हवा?" असे म्हणून ताट पुढे करते. हा त्याचा होकार आहे. दुसरे मूल फ्रीजपाशी उभे राहून आत्ताच ऐकलेले "पाणी हवंय का तुला?" तसेच म्हणते. ही मागणी आहे. तिसरे मूल प्रश्न हळू आवाजात स्वतःशी दोनदा म्हणते आणि मग उत्तर देते. ते प्रश्न मनात धरून ठेवत असते, जसे आपण एखादा फोन नंबर लिहून घेईपर्यंत पुटपुटतो. चौथे मूल पायऱ्या उतरताना आजीचे "हळू, हळू" स्वतःला सांगते. पाचव्याला उत्तर सुचत नाही, पण समोरच्याने बोलून झाले म्हणजे आता आपली पाळी आहे एवढे कळते. म्हणून हाती लागलेले शब्द परत देऊन ते संभाषणात आपली जागा राखते. सहावे मूल "हा बघ बॉल" हे बाबांचे शब्द म्हणत चेंडूकडे बोट दाखवते, म्हणजे वस्तूचे नाव सांगते.

तीन वर्षांनी, १९८४ साली, प्रिझंट यांनी पॅट्रिक रायडेल यांच्यासह तीन मुलांच्या विलंबित प्रतिध्वनीचा असाच अभ्यास केला. त्यात त्यांना चौदा उपयोग आढळले. आपल्या चर्चमधला 'पुढील स्थानक' त्या यादीत विनंती म्हणून सहज बसला असता.

"का?" हा प्रश्न

पुढची जवळजवळ पाच दशके डॉ. प्रिझंट या मुलांबरोबर आणि त्यांच्या कुटुंबांबरोबर काम करीत राहिले. एमी वेदरबी आणि अन्य सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 'सर्ट्‌स' नावाची कार्यपद्धती तयार केली. तिची पुस्तके २००६ साली प्रसिद्ध झाली. तिचे तीन भाग आहेत: संवाद, भावना सांभाळण्याची क्षमता, आणि आजूबाजूच्या माणसांनी द्यायचा आधार. यातला तिसरा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. नेहमी मुलालाच बदलायला सांगितले जाते. येथे बदलाची जबाबदारी भोवतालच्या मोठ्या माणसांवरही टाकली आहे.

२०१५ साली त्यांचे 'युनिकली ह्युमन' हे पुस्तक आले. त्यात त्यांनी आपला अनुभव सर्वसामान्य वाचकांसाठी मांडला आहे. त्याचे सार थोडक्यात असे. मूल हात फडफडवते, झुलते, तेच शब्द बोलते, कान झाकते. हे सगळे आजाराचे लक्षण म्हणून मोजत बसू नये. भीती, गोंधळ, थकवा किंवा आनंद यांना दिलेला तो एक मानवी प्रतिसाद आहे. आपणही परीक्षेच्या निकालापूर्वी येरझाऱ्या घालतो, पाय हलवतो, नखे चावतो. फरक प्रमाणाचा आहे. म्हणून "हे कसे थांबवायचे?" या प्रश्नाआधी "हे मूल असे का करते आहे?" हा प्रश्न विचारला पाहिजे.

पालकांनाही त्यांनी कधी केवळ उपदेश ऐकणारे मानले नाही. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी दरवर्षी होणाऱ्या निवासी शिबिरात ते वीस वर्षांहून अधिक काळ सहभागी होत आले. मुलाची भाषा प्रथम कळते ती आईवडिलांना, आणि थेरपिस्टने ती त्यांच्याकडून शिकायची असते, ही त्यामागची भूमिका.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रतिध्वनीतून मुले पुढे स्वतःची वाक्ये कशी बनवतात, या विचारावर आधारलेल्या काही उपचारपद्धती अलीकडे फार गाजत आहेत. त्या कितपत परिणामकारक आहेत याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि त्यांची पुरेशी चाचणी झालेली नाही. प्रतिध्वनीला अर्थ असू शकतो हे मान्य करणे वेगळे, आणि अमुक पद्धतीने प्रत्येक मूल बोलू लागेलच असे आश्वासन देणे वेगळे. असे आश्वासन देऊन मोठी रक्कम मागणाऱ्यापासून पालकांनी सावध राहावे.

घरी काय करता येईल?

थेरपिस्टकडे मूल आठवड्यातून तास-दोन तास असते. उरलेला वेळ ते घरी असते. म्हणून पुढील गोष्टी पालकांनी, आजी-आजोबांनी आणि मोठ्या भावंडांनी लक्षात ठेवाव्यात.

१. वही ठेवा. मूल कोणते वाक्य बोलले, कोठे, कशानंतर, आणि मग शांत केव्हा झाले, हे लिहा. महिनाभरात अर्थ उलगडू लागतो. ही वही थेरपिस्टला आणि शाळेला दाखवा.

२. मुलाच्या बाजूने बोला. "तुला पाणी हवं का?" असे विचारले तर मूल तेच परत बोलेल. त्याऐवजी पेला दाखवून "मला पाणी हवं" असे म्हणा. त्याला परत बोलायचेच असेल तर उपयोगी वाक्य हाती लागेल.

३. वाक्ये लहान ठेवा आणि थांबा. एक गोष्ट सांगितल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. आपण घाईने दुसरे वाक्य टाकतो आणि मुलाला पहिले समजून घ्यायलाही वेळ मिळत नाही.

४. "माझ्याकडे बघ" अशी सक्ती करू नका. कित्येक मुले नजर वळवूनच चांगले ऐकतात.

५. चित्रांचा उपयोग करा. आधी चर्च, मग घर, अशी दोन चित्रे दाखवली तरी पुष्कळ मुलांची भीती कमी होते. न बोलणाऱ्या मुलाला चित्रे, खुणा किंवा टॅब्लेट दिला तर ते बोलायचेच सोडेल, अशी भीती वाटते. संशोधनात तसे आढळलेले नाही. उलट काही मुलांचे बोलणे त्यामुळे वाढते.

६. घरची बोली सोडू नका. आपल्याकडे हा मोठा प्रश्न आहे. घरी सामवेदी किंवा वाडवळी, चर्चमध्ये मराठी आणि शाळेत इंग्रजी. मग कोणीतरी सल्ला देतो, की याच्याशी फक्त इंग्रजीच बोला. पण दोन भाषा ऐकल्याने ऑटिझम असलेल्या मुलाची प्रगती खुंटते, असा पुरावा नाही. आजीला इंग्रजी येत नसेल आणि तिने नातवाशी बोलणेच बंद केले, तर तोटा मात्र नक्की होतो.

७. लसीकरण टाळू नका. लसीमुळे ऑटिझम होतो असे सुचवणारा १९९८ चा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. त्यानंतर झालेल्या मोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळलेला नाही.

मदत कोठे मिळते?

मूल वर्षाचे झाले तरी नावाला प्रतिसाद देत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, सोळा महिने उलटूनही एकही शब्द बोलत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरत असेल, तर "मुलगे उशिराच बोलतात" असे म्हणून वाट पाहू नका. प्रथम श्रवणतपासणी करून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना भेटा. मुंबईत बांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही केंद्र सरकारची संस्था आहे. श्रवण आणि वाचा यांची तपासणी व उपचार तेथे होतात.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांतही तो आहे. त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळू शकते. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत धरला जातो. अनेक पालक लोकांना कळेल म्हणून प्रमाणपत्र काढत नाहीत. त्यांना आमची विनंती आहे की कृपया हा संकोच सोडा.

आणि आपल्या चर्चमध्ये?

संत मार्कच्या शुभवर्तमानात बहिऱ्या आणि बोलण्यात अडखळणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. आपण ती अनेकदा ऐकली आहे. चमत्कार आपल्या लक्षात राहतो, पण त्याआधीची एक लहानशी कृती आपण विसरतो. प्रभू येशू त्या माणसाला गर्दीतून बाजूला घेऊन गेला. लोकांच्या नजरा आणि गलका यांपासून त्याला दूर नेले आणि ज्याला ऐकू येत नव्हते त्याच्याशी स्पर्शाच्या भाषेत व्यवहार केला. आधी त्याची अडचण ओळखली, मग त्याला समजेल असा मार्ग धरला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २२ नोव्हेंबर २०१४ रोजी व्हॅटिकनमध्ये ऑटिझम असलेल्या व्यक्तींना व त्यांच्या कुटुंबीयांना भेटून, त्यांचे एकटेपण आणि त्यांच्यावरचा कलंक दूर करण्याचे आवाहन केले होते.

आपल्या धर्मग्रामात हे कसे करता येईल? मिस्साच्या वेळी एखादे मूल मोठ्याने तेच तेच बोलू लागले तर मान वळवू नये. शेजारी बसलेल्याने थोडे सरकून जागा करावी. त्याच्या आईला "त्याला काय हवं असतं?" असे विचारावे. "त्याला शिकवत का नाही?" असे विचारू नये. दाराजवळचा, पंखा आणि स्पीकर यांपासून दूर असलेला एक बाक अशा कुटुंबांसाठी मोकळा ठेवता येईल. तो बाक आतच असावा, व्हरांड्यात नव्हे. श्रद्धाशिक्षणाच्या वर्गात अशा मुलाला चित्रांच्या साहाय्याने शिकवता येते. ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्याच्या तयारीसाठी त्याला रिकाम्या चर्चमध्ये आधी दोन-तीनदा नेऊन आणता येते.

त्या आईला मुलाचे एक वाक्य कळायला दोन वर्षे लागली. डॉ. प्रिझंट यांनी एकेक बोल ऐकत १,००९ बोल ऐकले. आपल्याला त्यामानाने थोडेच करायचे आहे. ते मूल आता पुन्हा मिस्साला येऊ लागले आहे. गेल्या रविवारी अर्पणविधीच्या सुमारास त्याने पुन्हा "पुढील स्थानक, वसई रोड" असे म्हटले. पुढच्या बाकावरच्या एका आजोबांनी मागे न पाहता हळूच आपल्या बाजूचा पंखा बंद केला. ते मूल मिस्सा संपेपर्यंत आत बसले.

कुटुंबात व लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

१. आपल्या वाडीत, आळीत असे एखादे कुटुंब आहे का? आपण त्यांच्या घरी शेवटचे कधी गेलो?

२. एखाद्या मुलाच्या वागण्याला आपण लगेच 'लाडावलेला' किंवा 'वाया गेलेला' असे नाव दिले आहे का? तेव्हा "का?" हा प्रश्न विचारला असता तर काय कळले असते?

३. आपल्या समूहाची प्रार्थनासभा अशा मुलाला सोसवेल अशी करण्यासाठी कोणती एक गोष्ट बदलता येईल?